मागितलेलं वासरू

रुखमाताई डॉक्टर होऊन पहिल्यांदा गावी येणार होती, तेव्हा आमच्या वस्तीनं तिच्यासाठी दोन रोगी तयार ठेवले होते. एक देवकाबाई, जिच्या पोटात वारंवार गोळा उठायचा, आणि दुसरी बिरजूची शेळी. ताई चिमूरला एसटीतून उतरून उरलेली वाट चालत सावरझरीला पोचली, तेव्हा दोघीही तिच्या वडिलांच्या, वामनरावांच्या अंगणात बसून होत्या.

"मी तशी डॉक्टर नाई वो, काकू," ताईनं सांगितलं.

"मंग कशी हायेस?"

"रोग कसा होते ते मी पाह्यते."

"होते कसा ते आमाले मालूम हाय, बाई," देवकाबाई म्हणाली. "जाते कसा ते सांग."

बिरजूनं शेळी सोडली आणि निघून गेला. देवकाबाई मात्र बसून राहिली. ती शेजारीण होती, रुखमाताईच्या आईची सोबतीण होती, आणि एवढं शिकून पोरीला नेमकं काय येतं हे तिला कळून घ्यायचंच होतं. ते तिला कळलं त्या वर्षी वामनरावांच्या घराचा मागचा कूड नव्यानं घालायचा होता तेव्हा. आमच्याकडे बांबूच्या कमच्या विणून त्यावर शेणामातीचा लेप देतात. तीच भिंत, तोच कूड. जुन्या कमच्या कुजल्या की लेप पाडून आधी त्या सोडवाव्या लागतात. दोघी तेच करत होत्या.

"आपल्या अंगात बी असाच कूड असते, काकू," ताई म्हणाली. "कातडीखाली, हाडाच्या टोकाले. तो बी जुना होते. मंग अंगातलेच सोडवणारे येतात, जुना सोडवतात, अन् नवा घातला जाते. काम झालं का त्याहीले कोनीतरी बस म्हणाव लागते."

"अन् नाई म्हटलं तं?"

"तं ते सोडवतच राह्यतात. सांध्यातला कूड सोडवला का बाबासारखे गुडघे होतात. अन् कॅन्सरची गाठ असली का ते भिंत फोडून या खोलीतून त्या खोलीत जाते."

देवकाबाईनं ओसरीवर बसलेल्या वामनरावांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. ते भोपळ्यासारखे फुगले होते.

"अन् बस म्हणनारा कुठी राह्यते?"

"त्यालेच तं मी धुंडून राह्यली."

नागपूरच्या प्रयोगशाळेत त्या सोडवणाऱ्याला कोलॅजिनेज म्हणत. शरीराचं विणकाम ज्या चिवट तंतूंचं असतं, ते तंतू कापणारं विकर. नाव मोठं होतं, पण देवकाबाईला सांगितलं त्याहून वेगळं त्यात काही नव्हतं.

*

रुखमाताईचा जन्म छप्पनच्या आधीचा, म्हणून तिचं नाव रुखमा. तिच्यानंतर वस्तीत जन्मलेल्या मुली सुजाता झाल्या, गौतमी झाल्या. शाळेत घालताना गुरुजींनी वामनरावांना विचारलं, आता दीक्षा घेतली, मग पोरीचं नाव बदलायचं का? वामनराव म्हणाले, "नाव राहू द्या, गुरुजी. आमी काम बदललं."

ते काम काय होतं, हे आमच्या पिढीनं फक्त ऐकलं आहे. गावात कुणाचं ढोर मेलं की पाटलाचा गडी वस्तीच्या तोंडाशी उभा राहून हाक मारायचा. हाक आली की दोर घेऊन जायचं. जेवत असलं तरी उठायचं, घरात कुणी आजारी असलं तरी जायचं. ढोर ओढत नाल्यापलीकडच्या जागेवर न्यायचं आणि तिथं सोलायचं. छप्पन साली चांद्याला दीक्षा घेऊन वामनराव परतले, आणि पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे सत्तावन साली, पाटलाचा बैल मेला. हाक आली. वामनराव रिकाम्या हातानं वस्तीच्या तोंडाशी गेले आणि गड्याला म्हणाले, "हाक पोचली म्हून सांग. येत कोनी नाई."

त्यानंतर वस्तीला पाटलाच्या शेतात मजुरी मिळेना. चक्कीवर दळण घेईनात. तळ्याच्या पाळीवरून जाणं बंद झालं. "एक नाई म्हटलं म्हणजे काय होते," गाव म्हणायचं, "पुढच्या ढोराले येतीन." पुढच्या ढोराला कुणी गेलं नाही. वस्ती मोहफुलांवर आणि तेंदूपत्त्यावर जगली. पुरुष जंगलातल्या कुपांत, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्यांत, लाकूड तोडायला गेले. घरातली सोलायची सुरी वामनरावांनी चिमूरच्या बाजारात नेली आणि लोहाराकडून तिचं खुरपं करून आणलं. अंजनाबाई, त्यांची बायको, पुढे दुसऱ्या गावच्या धानात त्याच खुरप्यानं निंदायला जायची.

अंजनाबाईला तंबाखूची गोळी गालात धरून ठेवायची सवय होती. रुखमाताई नागपूरला एम.एस्सी. करत होती तेव्हा आईच्या त्याच गालात जखम झाली आणि ती भरेना. मोठ्या दवाखान्यात तिच्या खाटेशी ताई बसायची. गाल गेला. ओठाचा कोपरा गेला. जखम नाकापर्यंत चढली, तिथलं कातडं गेलं, पण आतली कूर्चा, नाक आणि कान जिच्यामुळे ताठ राहतात ती लवचिक कुरकुरी हड्डी, ती तशीच राहिली. ताईनं डॉक्टरांना विचारलं, "एवढं सगळं खाल्लं, मग हे का राहिलं?"

"कूर्चेत शिरायला त्याला वेळ लागतो," ते म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

का वेळ लागतो, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. तेव्हा ते जगातच फार थोड्यांना ठाऊक होतं. अंजनाबाई गेली, आणि तो प्रश्न रुखमाताईजवळ राहिला. त्यावरच तिनं पुढची सगळी वर्षं घालवली.

*

प्रयोगशाळेचं काम तिनं मला एकदा समजावून सांगितलं होतं. उंदराच्या शेपटीतून पांढरे तंतू काढायचे, ते विरघळवून काचेच्या बारीक नळ्यांत घालायचे. ऊब दिली की नळीत दह्यासारखा पांढरा घट्ट थर धरतो. त्यात कोलॅजिनेज टाकलं की ते दही हळूहळू सुटतं आणि पाण्यासारखं निवळतं. आता कूर्चेत जर सोडवणाऱ्याला बस म्हणणारं काही असेल, तर कूर्चेचा अर्क घातल्यावर दही पांढरंच राहायला हवं.

तिनं बकऱ्याचे कान आणून पाहिले. कत्तलखान्यातल्या म्हाताऱ्या बैलांचे गुडघे आणून पाहिले. दही थोडं उशिरानं निवळायचं, पण निवळायचंच. ज्यांच्या हाताखाली ती काम करत होती ते सर म्हणाले, म्हाताऱ्या जनावरात ते उरलेलं नसणार. वाढत्या वासराची कूर्चा घेऊन पाहा. पण वासराची कत्तल कायद्यानं बंद होती. वासरू हवं तर आपोआप मेलेलं हवं, आणि मेल्या मेल्या हाती लागायला हवं. असं वासरू नागपुरात कुठं मिळणार? ते गावात मिळतं. शिष्यवृत्तीचं एकच वर्ष उरलं होतं. त्या वर्षात काही हाती आलं तर काम पुढे चालणार होतं, नाहीतर तिथंच संपणार होतं.

चौऱ्याऐंशीचा पावसाळा सरताना ती गावी आली, तेव्हा तिच्या पिशवीत मोठा थर्मास होता. चिमूरच्या बर्फाच्या कांड्यांच्या कारखान्यातून त्यात बर्फ भरून आणला होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी देवकाबाईनं पाण्याला जाता जाता बातमी सांगितली: घनश्याम पाटलाच्या गोठ्यात वासरू मेलं.

"तळ्याकडे जाऊन येते, बाबा," ताई म्हणाली. वामनराव गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान हलवली.

घनश्याम पाटील म्हणजे सत्तावन सालच्या पाटलाचा मुलगा. बापासारखा तो आवाज चढवायचा नाही. शाळेच्या कमिटीवर होता, पंधरा ऑगस्टला वस्तीतल्या पोरांनाही पेढे द्यायचा.

"या, या, डॉक्टरीनबाई!" तो ओट्यावरून म्हणाला. "काऊन येणं केलं?"

"वासरू मेलं म्हणतात, काका."

"मेलं. मायले तोंडच लावत नव्हतं. काऊन?"

"मले त्याचे गुडघे पाह्यजेत. प्रयोगशाळेत. कॅन्सरच्या कामासाठी."

पाटलानं तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे, हातातल्या थर्मासकडे. मग तो हसला. त्या हसण्यात काही वावगं होतं असं तिला तेव्हा वाटलं नाही.

"एवढंच? गुडघेच काऊन, पुरंच ने! इसरू, ए इसरू! वासरू उचल अन् जुन्या जागेवर नेऊन टाक. बाई येतात मांगून."

"उपकार झाले, काका," ताई म्हणाली.

जुनी जागा म्हणजे नाल्यापलीकडची, मोहाखालची. तिथं आता गवत वाढलं होतं. पाटलाचा गडी इसरू यानं वासरू खाली ठेवलं. ताईनं साडीचा पदर खोचला, कागदात गुंडाळलेलं सर्जरीचं पातं काढलं आणि गुडघ्यापाशी बसली. इसरू पाय धरून दुसरीकडे पाहत होता.

"बाई, नाकाले पदर तरी लावा."

"वास नाई येत, इसरू. आत्ताच तं मेलं."

"मले येऊन राह्यला," तो म्हणाला.

निंदणाला निघालेल्या बाया नाल्यावर थांबल्या. बघून पुढे गेल्या. आपण काय करतो आहोत, हे ताईला स्वच्छ ठाऊक होतं: कूर्चा काढत होती, बर्फात ठेवत होती, दुपारची एसटी गाठायची होती. त्या जागेवरून पाहणाऱ्यांना काय दिसतं आहे, हे मात्र तिच्या मनात आलं नाही. ती एवढी वर्षं त्या कामापासून इतकी लांब वाढली होती की ते काम आपल्याकडे परत येऊ शकतं, असं तिला वाटलंच नाही.

*

वासराच्या अर्कानं दही पांढरं राहिलं.

तिनं पुन्हा करून पाहिलं, पुन्हा पांढरं. विकराचं प्रमाण वाढवलं, तरी पांढरं. सर स्वतः उठून तिच्या टेबलाशी आले. नळ्या खिडकीकडे धरून पाहिल्या आणि नेहमीसारखं तिला आडनावानं हाक मारून म्हणाले, "एका वासरावर विसंबता येत नाही, रंगारी. चार-पाच आणा. वेगवेगळी. मग लिहू." त्यांना इतकं खूश झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. उरलेला थोडासा अर्क तिनं एका बारक्या शिशीत गोठवून ठेवला आणि दिवाळीनंतर पुन्हा थर्मास घेऊन गावी निघाली.

ती आली त्याच्या दुसऱ्या सकाळी इसरूनं वस्तीच्या तोंडाशी उभं राहून हाक मारली.

मी तेव्हा दहावीत होते. मला ती हाक म्हणजे नुसती एक हाक वाटली. पण देवकाबाई भाकरी थापत होती, तिचा हात थापता थापता थांबला. समोरच्या घरातून म्हातारा बुधू काठी न घेताच बाहेर आला. ज्यांनी ती हाक पूर्वी ऐकली होती ते सगळे दारात आले, आणि ज्यांनी ऐकली नव्हती ते त्यांच्या तोंडांकडे पाहू लागले.

"पाटलाची म्हैस मेली," इसरू खाली पाहत म्हणाला. "दोर घेऊन बोलावलं हाय."

"कोनाले बोलावलं?" कुणीतरी विचारलं.

"तुमालेच. वस्तीले."

लोक वामनरावांच्या अंगणात जमले. वामनरावांचा पुतण्या दसरू पाटलाच्या शेतात मजुरीला जायचा. कैक वर्षांनी वस्तीतल्या कुणाला तिथं काम मिळालं होतं. तो सरळ ताईसमोर उभा राहिला.

"ताई, तू वासरू नेलं तवा पाटील चावडीत काय म्हणे, मालूम हाय तुले? म्हणे, बापानं सोडलं, पोरीनं धरलं. म्हणे, शिक्षण काई वाया जात नाई."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तू सांजच्या गाडीनं नागपूरले जाशीन," दसरू म्हणाला. "आमाले इथी राहाचं हाय."

वामनराव खाटेवर होते. "कोन्तं वासरू?" त्यांनी विचारलं.

ताईनं सांगितलं. मागितलं ते, पाटील हसला ते, नाल्यापलीकडे गेली ते. काहीही कमी केलं नाही. वामनराव ऐकत राहिले.

"जुन्या जागेवर?"

"हो."

"मोहाखाली?"

"हो, बाबा."

"तिथी तुही माय मले भाकर आने," ते म्हणाले. "दुरून ठेवे. नाक बांधून."

बाहेर इसरू अजून उभा होता. उत्तर घेतल्याशिवाय त्याला परत जाता येत नव्हतं. दसरू म्हणाला, "मोठेबाबा, तुमी सांगा इसरूले. तुमी सांगतलं म्हणजे झालं."

"मी नाई सांगत," वामनराव म्हणाले. "मी माहं सांगून बसलो सत्तावन साली. आता मी सांगतलं तं ते बी माहंच राह्यन." मग मुलीकडे वळले. "वासरू तू मांगतलं. तुले अजून पाह्यजेत का?"

"चार-पाच पाह्यजेत," ताई म्हणाली.

"नसली तं?"

"तं काम थांबन."

"मंग इचार करून सांग," एवढंच ते बोलले.

ताई थर्मास हातात घेऊन इसरूबरोबर पाटलाकडे गेली. तिच्या मागे दसरू, आणि त्याच्या मागे आम्ही सगळे, थोडं अंतर ठेवून. पाटील ओट्यावरच होता. म्हैस गोठ्याबाहेर पडलेली होती आणि तिच्यावर पोतं टाकलं होतं.

"तूच आलीस? बरं झालं," तो म्हणाला. "हे पाह्य पोरी, माह्या गोठ्यात दर हंगामात दोन-तीन वासरं जातात. आजूबाजूच्या गावात बी माहा शबद हाय. तुले पाह्यजेत तेवढी भेटतीन, मेल्या मेल्या. मी सोता निरोप धाडीन. फक्त मोठी ढोरं बी न्यावी लागतीन तुमच्या मान्साईले. वासराचे गुडघे तेवढे नेनार अन् म्हैस आमी ओढाची, हे कसं जमन?"

तिनं थर्मास या हातातून त्या हातात घेतला. तिच्यासमोर तेव्हा काय असेल ते मी नंतर पुष्कळदा मनात आणून पाहिलं आहे. त्या पांढऱ्या राहिलेल्या नळ्या असतील. आईचं नाक असेल. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपायची होती, तोवर चार वासरं सहज मिळाली असती.

"मी वासरू मांगतलं होतं, काका," ती म्हणाली. "काम नव्हतं मांगतलं."

"एकच तं हाय ते."

"मंग मले वासरू बी नको."

"पाह्य बाप्पा. कॅन्सरचं काम म्हणे तू. लोकाईच्या जिवाचं."

ती इसरूकडे वळली. "हाक पोचली, इसरू. येत कोनी नाई. अन् मी बी आता येनार नाई."

परतताना दसरू तिच्या बरोबरीनं चालत होता. पाटलाच्या शेतातलं त्याचं काम त्याच दिवशी गेलं. तो त्याबद्दल पुढे कधी बोलला नाही, फक्त वस्तीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाला, "थर्मास माह्याजवळ दे. रिकामाच हाय, पर जड दिसते."

म्हैस पडून राहिली. वारा फिरला की वास वस्तीपर्यंत यायचा. शेवटी पाटलाच्याच माणसांनी ट्रॅक्टर लावून ती ओढली आणि पुरली.

*

ताईनं सामान आवरलं त्या सकाळी वामनराव म्हणाले, "माह्या गुडघ्यात पानी झालं म्हणतेस ना तू?"

"हो."

"त्या पान्यात तो सोडवणारा असते?"

"लय असते."

"मंग ते ने."

ती थांबली. चिमूरच्या डॉक्टरांनी दोनदा ते पाणी काढायचं म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा वामनराव खाटेवरून उठून निघून आले होते. अंगाला सुई-सुरी लावून घ्यायला ते कधीच तयार नसत.

"सुई मोठी असते, बाबा."

"वासराले इचारलं होतं का?" ते म्हणाले. "मले इचार. मी हो म्हणतो. हे कोनाच्या दारात मांगाव लागत नाई."

दसरूनं बैलबंडी आणली. दवाखान्यात वामनरावांनी डोळे मिटले नाहीत. सुई आत जाताना, पाणी वर येताना ते पाहत राहिले. जवसाच्या तेलासारखं पिवळं, गढूळ पाणी. डॉक्टरांनी ते नळीत भरून ताईला दिलं. गुडघा उतरला होता. वामनराव बसस्टँडपर्यंत काठी टेकत चालत आले आणि वाटेत प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत होते, "पोरगी माहा गुडघा नागपूरले नेऊन राह्यली."

"अन् तुमी?" कुणीतरी विचारलं.

"मी बिनगुडघ्याचा चाललो, पाहत नाई का?"

नागपूरला ताईनं तीन नळ्या लावल्या. पहिल्यात नुसतं दही. दुसऱ्यात वडिलांच्या गुडघ्यातलं पाणी. तिसऱ्यात ते पाणी, आणि शिशीतला वासराचा उरलेला सगळा अर्क. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नळ्या खिडकीशी धरल्या. पहिली पांढरी होती. दुसरी निवळली होती, इतकी की तिच्यातून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं. तिसरी पांढरी होती.

"एकदाच?" सरांनी विचारलं.

"एकदाच. अर्क संपला."

"आणि वासरं?"

"मिळणार नाहीत, सर."

त्यांनी तिसरी नळी परत स्टँडमध्ये ठेवली. "एकदा म्हणजे काहीच नाही, रंगारी," ते म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. तिलाही ते पाठ होतं.

शिष्यवृत्ती संपली. कूर्चेचं काम तिथंच राहिलं. पुढची काही वर्षं ताईनं दवाखान्यातल्या सांधेवाताच्या रोग्यांच्या गुडघ्यांतल्या पाण्यावर काम केलं. त्यावर तिचे दोन छोटे निबंध छापून आले. आता ती नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवते. कूर्चेतल्या त्या बस म्हणणाऱ्यावर परदेशात पुष्कळ काम झालं आहे. ते ती ग्रंथालयात बसून वाचते आणि वर्गात शिकवते. शिकवताना वासराचा उल्लेख येतो, तेव्हा आवाजात काही फरक पडू देत नाही, असं तिचे विद्यार्थी सांगतात. मुळात फरक पडावा असं काही असेल, हे त्यांना ठाऊक नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षी धानकापणी सुरू झाली तेव्हा ती घरी आली होती. वामनराव ओसरीवर खाटेवर बसले होते. गुडघा पुन्हा भरला होता. देवकाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"काय झालं माह्या पान्याचं?" वामनरावांनी विचारलं.

ताईनं सांगितलं. एक पांढरी, एक निवळलेली, एक पांढरी.

"निवळली ती माही?"

"हो. तुमच्या पान्यानं सगळा कूड सोडवला."

"अन् तिसऱ्यात काय होतं?"

"तुमचंच पानी. अन् वासराचा अर्क."

वामनराव गुडघ्यावरून हात फिरवत राहिले. देवकाबाईनं सूप हलवायचं थांबवलं होतं.

"म्हणजे थांबलं," वामनराव शेवटी म्हणाले.

"एकदा थांबलं, बाबा. एकदा थांबलं म्हणजे काई नाई. पुन्हा पुन्हा थांबाव लागते, तवा लोक खरं मानतात."

"हो," वामनराव म्हणाले. "सत्तावन साली बी गाव असंच म्हणे."

मग त्यांना खाटेवरून उतरायचं होतं. ताईनं एक हात त्यांच्या पाठीला दिला, दुसरा गुडघ्याखाली घातला, आणि तो जड पाय दोघांनी मिळून हळूच जमिनीवर ठेवला.